बिल्ला नसलेली डाय

सन्माननीय अध्यक्ष तात्यासाहेब, आजचे सत्कारमूर्ती श्रीयुत चिंतामणी मुजुमदारसाहेब, त्यांच्या शेजारी विराजमान झालेल्या सौभाग्यवती मुजुमदारवहिनी, व्यासपीठावरील मान्यवर, देवास आणि धार या दोन्ही जिल्ह्यांतून, देवीच्या टेकडीखालच्या नवरात्राच्या गर्दीतून वाट काढत आलेले माझे उद्योजक बंधू, त्यांच्याबरोबर आलेल्या भगिनी, आणि मागच्या खुर्च्यांवर बसून भाषणांपेक्षा कचोरीच्या वासाकडे अधिक लक्ष देणारी आमची पुढची पिढी, या सर्वांना प्रमोदिनी पांचाळ हिचा सविनय नमस्कार.

अध्यक्षांनी मला दोन गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. "वहिनी, दोनच, पण गोड हं," असं ते जिन्यात म्हणाले आणि इथे आल्यावर पुन्हा म्हणाले. तात्यासाहेब, गोडाचं काम आचाऱ्याकडे दिलेलं आहे. शिरा उत्तम झालाय, मी चव घेऊन आले. पानात मीठही लागतं, तेवढं वाढायला मी उभी आहे.

मघाशी मानपत्र वाचलं ते आपल्या प्रणवने, तात्यासाहेबांच्या चिरंजीवांनी. पोरगं हिंदी शाळेत शिकलेलं, मराठी वाचताना दमतं. त्याला बोल नाही, आमच्या घरीही तीच तऱ्हा आहे. पण "निःस्पृह" या शब्दापाशी तो अडखळला, मागे गेला, परत आला, आणि शेवटी तो शब्द सोडून पुढे निघून गेला. प्रणव, बाळा, तुझं काही चुकलं नाही. त्या जागी मीसुद्धा पुढेच गेले असते.

हसू नका. अजून हसण्यासारखं काही बोललेले नाही.

कार्यक्रमपत्रिकेत माझं भाषण शेवटून दुसरं आहे. माझ्यानंतर तात्यासाहेब उठतील आणि एक घोषणा करतील. ती काय आहे हे कार्यकारिणीला ठाऊक आहे, बाकीच्यांना ती कचोरीबरोबर कळावी अशी योजना दिसते. मी आत्ताच सांगून टाकते. आपण सगळ्या लहान वेंडर मंडळींनी, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांनी, मिळून औद्योगिक क्षेत्रात साचे बनवायची जी सामायिक टूलरूम उभी केली, तिचे प्रमुख म्हणून मुजुमदारसाहेबांचं नाव पुकारलं जाणार आहे. "सभागृहाची संमती असेल तर टाळ्या वाजवाव्यात," असं अध्यक्ष म्हणतील. टाळ्या वाजल्या, की टूलरूमची कार्यवाह या नात्याने माझ्या पदराला बांधलेली ही किल्ली सोडून मी साहेबांच्या हातात द्यायची. ही बघा. म्हणून तर मला माइकपाशी उभं केलंय. नाहीतर माझी जीभ कशी आहे हे या व्यासपीठाला काय ठाऊक नाही?

तात्यासाहेब, असे माझ्याकडे बघू नका. उद्या खंडेनवमी. पूजा टूलरूममध्येच आहे आणि तीही साहेबांच्या हस्ते आहे. जे उद्या सगळं गाव बघणार, ते आज मी सांगितलं तर काय बिघडलं?

आता समोरच्या भगिनींसाठी थोडं सांगते, कारण यांचे यजमान जेवताना "डाय फुटली, डाय गेली" एवढंच बोलतात आणि डाय म्हणजे काय ते कधी सांगत नाहीत. डाय म्हणजे पोलादाचा साचा. तो प्रेसमध्ये बसवायचा, मध्ये पत्रा सरकवायचा, वरून दाब पडला की गाडीचा भाग तयार. सायलेंसरचा क्लॅम्प म्हणा, सीटखालची पट्टी म्हणा. प्रेस आमची, शेड आमची, माणसं आमची, विजेचं बिल आमचं. डाय मात्र कंपनीची. तिच्यावर कंपनीचा पत्र्याचा बिल्ला ठोकलेला असतो. ती आमच्याकडे राहते, आम्ही तिला तेल घालतो, धार लावतो, तडा गेला तर आम्हीच सांधतो. पण कंपनीने "द्या" म्हटलं की द्यायची. आणि डाय गेली की राहिलेली प्रेस म्हणजे नुसता लोखंडाचा ढीग.

कंपनी कोणती, हे मी बोलणार नाही. आमच्या घराण्यातल्या सुना आता नवऱ्याचं नाव घेताना लाजत नाहीत, पण कंपनीचं नाव घेताना भल्याभल्या वेंडरची जीभ टाळूला चिकटते. पिथमपूरची मोठी कंपनी म्हटलं की सगळ्यांना समजतं. मुजुमदारसाहेब आत्ता निवृत्त होईपर्यंत त्या कंपनीत वेंडर विभागाचे प्रमुख होते. कोणाला काम द्यायचं, कोणाचं काढायचं, कोणाची डाय कुठे पाठवायची, हे सगळं त्यांच्या मानेच्या हलण्यावर. मान उभी हलली की दिवाळी. आडवी हलली की शिमगा.

साहेबांना काम येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. मीही म्हणणार नाही. आमच्या शेडमधून एकदा क्लॅम्पचा मोठा लॉट गेला होता आणि साहेबांनी तो सगळाच्या सगळा परत पाठवला. यजमान चिडले. मी तर पिथमपूरला भांडायलाच गेले. साहेबांनी काही न बोलता क्लॅम्प हातात दिला, दुसरा दिला, आणि म्हणाले, "वहिनी, दोन्ही एकात एक बसवून दाखवा." बसले नाहीत. मी गप घरी आले. त्या दिवशी साहेब बरोबर होते, आणि तसे ते कामाच्या बाबतीत नेहमीच बरोबर असत. मापाचं गेज कसं धरायचं, पत्र्याचं कोणतं टोक आधी झिजतं, आमच्यातल्या कितीतरी जणांना त्यांनी उभं राहून शिकवलं आहे. हे मी टाळ्या मिळाव्यात म्हणून म्हणत नाही. खरं आहे म्हणून म्हणते. इतकी जाण असलेला माणूस, म्हणूनच तर राग येतो. अजाण माणसावर कोण रागावतं?

आपले पूर्वज पवारांबरोबर माळव्यात आले, हे आपण प्रत्येक लग्नात व्याह्यांना सांगतो. तेव्हाच्या फौजेत शिलेदार असे आणि बारगीर असे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं. बारगीराला घोडा सरकारातून मिळे, आणि सरकारच्या मनात आलं की काढूनही घेतला जाई. मग तो पायउतार झालेला माणूस भर रानात जीन खांद्यावर घेऊन उभा. आपण कारखान्यांवर मोठ्या अक्षरांत पाट्या लावल्या, "उद्योग", "इंडस्ट्रीज", "इंजिनिअरिंग वर्क्स". पाटीखाली आपण सगळे बारगीर. याचं दुःख नाही, सगळ्यांनाच शिलेदारी जमत नाही. पण बारगीरालाही नियम असतो की नाही? घोडा काढायचा तर आधी सांगावं, दाणापाण्याचा हिशेब बघावा, एवढी तरी रीत असते.

हीच रीत सरकारने लिहून द्यावी म्हणून आमचे विश्वासराव, म्हणजे माझे यजमान, भोपाळला गेले होते. मीही बरोबर होते. सरकारची लहान उद्योगांसाठी धोरणं पुष्कळ आहेत, सामायिक केंद्रांच्या योजना आहेत, पत्रकं गुळगुळीत कागदावर छापतात. त्या अधिकाऱ्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, "डाय किसकी है?" यजमान म्हणाले, "कंपनी की." "और शेड?" "हमारा." "तो फिर दिक्कत क्या है? कंपनी का माल कंपनी ले गई." विश्वासराव नमस्कार करून उठले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "प्रमोदिनी, हा माणूस वाईट नाही. याला कोणी कधी अर्ध्या वाटेत सोडलेलं नाही, एवढंच."

कंपनीचा माल कंपनी कशी घेऊन गेली, हे त्या अधिकाऱ्यांनी विचारलं नव्हतं. आज इथेही कोणी विचारलेलं नाही. तरी सांगते. निरोपाच्या दिवशी जुन्या आठवणी काढायच्या असतात, हा रिवाजच आहे.

आमचे पणजेसासरे देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या गादीच्या, शिलेखान्यात हत्यारांना पाणी देत. संस्थान गेलं, तलवारी गेल्या, पण खंडेनवमी राहिली. तलवारीच्या जागी आधी हातोडे आले, मग डाय. अष्टमीच्या संध्याकाळी प्रेसवरून सगळ्या डाय उतरवायच्या, घासलेटने धुवायच्या, पुसून तेलाचा हात फिरवायचा आणि शटरसमोर पांढऱ्या कापडावर ओळीने मांडायच्या. शटरसमोर अशासाठी, की आत प्रेसांच्या मध्ये जागा नसते आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही दर्शन घडतं. नवमीला हळदकुंकू, झेंडू, नारळ. आणि एकदा पूजा झाली, की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्या हत्याराला कोणी हात लावायचा नाही. हे तुमच्याही घरी आहे. तुमच्याही शेडमध्ये असंच असतं.

त्या ओळीत पहिला मान असे एका लहान डायचा. आमचे सासरे गणपतराव यांनी कानशीने घासून स्वतः बनवलेली ती पहिली डाय. साधी वॉशर पाडायची. पत्र्यातून एक गोल चकती आणि मधे भोक, बस्स. तिच्यावर कोणाचा बिल्ला नव्हता. ती आमची होती. घरात देवाला जो मान, तो शेडमध्ये तिला.

मुजुमदारसाहेबांना आम्ही दर वर्षी पूजेला बोलवत असू. समाजातलाच माणूस, धारच्या जुन्या कारकुनी घराण्यातला, मोठ्या हुद्द्यावर गेलेला, आम्हाला अभिमान होता. नारळ त्यांच्या हातून फुटे. माझ्या हातची पुरणपोळी त्यांना आवडे, दुसरी वाढताना ते "नको, नको" म्हणत आणि ताट पुढे करत.

त्या वर्षी साहेब वेळेवर आले. सोवळं नेसले. यथासांग पूजा केली, आरतीला त्यांचा आवाज सगळ्यांत वर. तीर्थ घेतलं, प्रसाद घेतला. मग रुमालाला हात पुसत ते विश्वासरावांना म्हणाले, "पांचाळ, गैरसमज नको. डाय हलवायच्या आहेत. गाडी आलीय." मी रस्त्याकडे पाहिलं. ट्रक उभा होता आणि त्याच्यामागे डाय उचलायची क्रेन, आपण हायड्रा म्हणतो ती.

आता कारखानदार मंडळींना मी काय सांगावं? चालू प्रेसवरून डाय खोलायची तर किती खटपट असते. बोल्ट काढा, प्रेस थांबवा, माणसं जमतात, बोलाचाली होते, मालक फोन करतो, मध्यस्थ पडतो, काही ना काही मार्ग निघतो. त्या दिवशी काहीच करायचं नव्हतं. डाय उतरवलेल्या होत्या, धुतलेल्या होत्या, तेल लावून, ओळीने, दाराशी, आमच्याच हातांनी. आम्ही पूजा मांडली आणि साहेबांच्या दृष्टीने ती माल भरण्याची तयारी झाली. ज्याला आमची खंडेनवमी ठाऊक नाही, तो इतका नेमका येऊ शकत नाही.

तुम्ही म्हणाल, अडवलं का नाही? अडवलं असतं हो! आमच्याकडे हाडापेरानं मजबूत माणसं होती. मारुतीदादा आमचे जुने फोरमन, मी ओरडले, "दादा, धरा ती डाय!" दादा दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. हात जोडलेलेच होते त्यांचे. म्हणाले, "वहिनी, अब्बी उत्तरपूजा नाही झाली. हात कैसे लगाऊँ?" रडत होते ते. सगळी शेड तशीच उभी. ज्यांनी जन्मभर त्या डाय उचलल्या, त्यांना त्या धरून ठेवता येईनात, आणि हायड्रावाल्याने कुंकवासकट उचलल्या. झेंडूची फुलं चाकांखाली गेली.

साहेबांकडे कागद होते. सगळं कायदेशीर होतं. मी नाही म्हणत नाही.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. "आवरा." बरं. आवरते, पण गणपतरावांच्या डायचं राहिलंय.

ओळीत पहिली होती म्हणून पहिली तीच उचलली गेली. विश्वासराव ट्रकमागे धावले, "ती आमची आहे, घरची आहे!" साहेब म्हणाले, "गर्दीत कुठे शोधता, नंतर पाठवतो." नंतर यजमान पिथमपूरला गेले. साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, "पांचाळ, तिच्यावर बिल्ला नव्हता. कोणाची ते कळेना, म्हणून भंगारात गेली." साहेब, तुम्ही मान खाली घातलीत, म्हणजे आठवतंय. बरं झालं. मला भीती होती की तुम्ही विसरला असाल.

म्हणजे बघा, बिल्ला असला तर कंपनीची, आणि बिल्ला नसला तर भंगार. पांचाळांची अशी काही वस्तू या जगात असूच शकत नाही.

त्या दिवसापासून विश्वासरावांनी हत्याराला हात जोडले नाहीत. खंडेनवमी आली की ते सकाळीच उठून नेमावरला जायचे आणि नर्मदेच्या घाटावर बसून राहायचे. मी घरी एकटी पाटावर सांडशी आणि विळी मांडून हळदकुंकू वाहायची. मी त्यांना कधी "चला" म्हटलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

आणि त्या डाय गेल्या कुठे? त्या तात्यासाहेबांच्या शेडमध्ये आल्या. सगळ्यांना माहीत आहे, व्यासपीठावर मुद्दाम नवीन काही सांगत नाही. तात्यासाहेबांनी तेव्हा माझ्याकडे बघायचं टाळलं, आत्ताही टाळतायत. पण पुढे काय झालं? त्याच डाय तात्यासाहेबांकडूनही गेल्या, गुजरातेत, असाच एक ट्रक येऊन. तेव्हा तात्यासाहेब आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, माझी चूक झाली. कंपनी कोणाचीच नसते." मी त्यांना पाणी दिलं. त्याच ओट्यावर टूलरूमची कल्पना निघाली, तात्यासाहेब आणि विश्वासराव या दोघांच्या डोक्यातून. आपण सगळे एकटे-एकटे मार खातो, तर एकत्र येऊन स्वतःच्या डाय स्वतः बनवाव्यात. त्या आपल्याच राहतील. आता विजेवरच्या गाड्या आल्या. जिथे धूरच नाही तिथे सायलेंसर कशाला, आणि सायलेंसर नाही तर आमचा क्लॅम्प कोण घेणार? पण सतवासचा व्यापारी पेरणीयंत्राचे दाते मागतो, पीपलरावां गावचे लोक मळणीयंत्राच्या जाळ्या मागतात. स्वतःची डाय असली की गिऱ्हाईक बदलता येतं. कंपनीची असली की कंपनी गिऱ्हाईक नसते, मालक असते.

यासाठी विश्वासरावांनी किती उंबरठे झिजवले, हे मी सांगत बसत नाही. टूलरूम उभी राहिली. आणि तिथे पहिली डाय कोणती बनली? वॉशरची. आठवणीवरून, डोळे मिटून मोजमापं सांगत, यजमानांनी ती बनवून घेतली आणि तिच्या बाजूवर छिन्नीने नाव कोरलं, गणपतराव. बिल्ला नाही. नाव.

असं सगळं असताना ओट्यावर येऊन बसलेल्या तात्यासाहेबांना आज झालं तरी काय? कार्यकारिणीत त्यांनी सांगितलं की साहेबांचं नाव कंपनीकडूनच आलं आहे. साहेबांना प्रमुख केलं तर कंपनीचं काम आपल्याकडे टिकेल. मी विचारलं, "आणि नाही केलं तर?" त्यावर तात्यासाहेब पाणी प्यायले. मग म्हणाले, "कंपनीची एकच छोटी अट आहे, वहिनी. टूलरूममधल्या डायवर कंपनीचा बिल्ला लागेल. नुसती फॉर्म्यालिटी."

ऐकलंत? मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं का? आज ज्या ज्या डाय तुम्ही टूलरूममध्ये आणून ठेवल्यात, आपल्या पैशाने, आपल्या अकलेने बनवलेल्या, त्या सगळ्यांवर बिल्ला. आणि उद्या त्या सगळ्या धुऊन, पुसून, तेल लावून एकाच शटरसमोर ओळीने मांडल्या जाणार आहेत. दोन जिल्ह्यांच्या डाय, एका दाराशी. पूजेला कोण? मुजुमदारसाहेब. अरे भिया, माणूस एकदा ठेच लागली की खाली बघून चालतो. आपण त्याच दगडाला शेंदूर फासून त्याच्यापुढे नारळ फोडायला निघालो!

साहेब, बसा, उठू नका. तुमचा राग मला समजतो. तुम्ही म्हणाल, मी नोकर होतो, हुकूम होता. असेल. ट्रकचा हुकूम वरून आला असेल. पण दिवस कोणी निवडला? वरच्यांना नवमी काय कळते? तेवढं एक तुमचं स्वतःचं होतं. त्याचं उत्तर तुम्ही मला द्यावं असं मी म्हणत नाही. वहिनींना घरी गेल्यावर द्या, त्या मघापासून तुमच्याकडेच बघतायत.

एकच गोष्ट राहिली. विश्वासराव आज इथे का नाहीत असं मला दारात दोघा-तिघांनी विचारलं. ते टूलरूममध्ये आहेत. आज सकाळी ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हळद आहे का गं घरात?" मी पाठमोरीच राहिले, कारण मला माझं तोंड त्यांना दाखवायचं नव्हतं. इतक्या वर्षांनी या माणसाने हळद मागितली. आत्ता ते तिथे बसून तुमच्या डाय पुसतायत, एकेक, आपल्या धोतराच्या सोग्याने. पूजा तात्यासाहेबांच्या हातून आहे असं त्यांना सांगितलेलं आहे. साहेबांचं नाव त्यांना कोणी सांगितलेलं नाही. कार्यकारिणीचं म्हणणं असं, की ते काम बायकोने करावं.

तर आता इथून मी टूलरूमवर जाणार आहे. काय सांगायचं ते तुम्ही ठरवाल. तुम्ही टाळ्या वाजवल्यात तर मी ही गाठ सोडीन आणि किल्ली साहेबांच्या हातात देईन. मी कार्यवाह आहे, सभेचा शब्द मोडणार नाही. मग जाऊन त्यांना म्हणेन, "उठा, आपल्याला नेमावरला जायचंय." ते काही विचारणार नाहीत. सोगा झटकतील आणि उठतील.

मुजुमदारसाहेब, आपल्याला सेवानिवृत्तीनंतरचं आयुष्य आरोग्याचं, सुखाचं, नातवंडांचं लाभो, असं मी देवीला मनापासून मागते. ही शाल मी स्वतः निवडली आहे, चांगली उबदार आहे, थंडीत वापरा. उद्या पूजेला जरूर या. पाहुणे म्हणून या, इतरांसारखे रांगेत उभे राहा, पुरणपोळी दोन वाढीन, तुम्ही "नको" म्हटलंत तरी. फक्त नारळ तुमच्या हातात देणार नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, सभागृहाने ऐकून घेतलं, आचाऱ्याने कचोरी थांबवून धरली, सगळ्यांची मी ऋणी आहे. या वयात जिभेला लगाम राहत नाही. कुठे मर्यादा सुटली असेल, वडीलधाऱ्यांपुढे अधिक-उणं बोलले असेन, तर पोटात घाला. आम्हीही बरंच काही घातलेलं आहे.

आता तात्यासाहेब उठतील आणि टाळ्या मागतील. त्या नवमीला आमच्या माणसांचे हात जोडलेले होते, म्हणून त्यांना काही धरता आलं नाही. आज तुमचे हात जोडलेले नाहीत, कोणी बांधलेले नाहीत, कसलाही विटाळ नाही. मला तुमच्याकडून काही करून नको आहे. माझ्या भाषणालाही टाळी नको, नाहीतर अध्यक्ष तीच धरून बसतील.

हात मांडीवर ठेवा. एवढंच. नमस्कार.